जंगल शांत नव्हतं

“सर, जंगलात सू लागली तर कुठे जायचं?”

विचारलं! भर जीपमध्ये, सगळ्यांची ओळख होऊन दहा मिनिटंही झाली नव्हती तेव्हा, आणि चांगलं खणखणीत विचारलं. पैजच होती ना. सुकन्या आणि कौसर या माझ्या वर्गातल्या दोन आगाऊ मैत्रिणी. त्या म्हणाल्या होत्या, “तू तिथे जाऊन कोपऱ्यात बसशील बघ. हिंमत असेल तर पहिल्याच दिवशी गाईडला हे विचार आणि रेकॉर्डिंग पाठव. नाही विचारलंस तर दहावीला आमची विज्ञानाची जर्नल्स तू लिहायचीस.” म्हणून मोबाइल मांडीवर चालू ठेवून मी विचारलं.

मोठ्या लेन्सवाले दोन काका एकदम खिडकीबाहेर बघायला लागले. ड्रायव्हर हसला. आमचे गाईड नामादादा पुढच्या सीटवरून अख्खे मागे वळले.

“पहिलं म्हणजे मी सर नाय, दादा. दुसरं, लागली की मला येऊन हळूच सांग, मी सगळ्यांची तोंडं दुसरीकडे करतो. पण हळूच हां! आत्ताचं तुझं पलीकडच्या गावात पण कळलं असंल.”

सगळे हसले, मीही हसले. माझ्या शेजारी बसलेल्या नसीबाताई माझ्याकडे झुकून म्हणाल्या, “बरं झालं गं विचारलंस. मी पनवेलपासून त्याच काळजीत होते.” त्या पनवेलला पाळणाघर चालवतात. म्हणाल्या, वर्षातले तीन दिवस तरी लहान मुलाचं रडणं कानावर पडू नये म्हणून मी जंगलात येते.

तर मी मेघाली. भिवंडीत टेमघरला राहते, या जूनमध्ये दहावीत जाईन. आठवीपर्यंत मी वर्गात तोंड उघडत नव्हते. मागच्या बाकावर बसायचे, शिकवलेलं अर्धं डोक्यावरून जायचं, आणि मला वाटायचं आपण मठ्ठ आहोत. नववीत निशा मॅडमनी मला उचलून पहिल्या बाकावर आणलं, आणि काय झालं कुणास ठाऊक, सगळं समजायलाच लागलं. मार्क वाढले, मग आवाज वाढला, मग मी प्रश्न विचारायला लागले. शाळेच्या फोटो स्पर्धेत आईच्या मोबाइलवर काढलेल्या माझ्या कोळ्याच्या फोटोला पहिला नंबर मिळाला. बक्षीस म्हणजे ही ट्रिप! सिंधुदुर्गातलं सदाहरित जंगल, तीन दिवस, फक्त सहा जण, आणि वापरायला ट्रिप नेणाऱ्या संस्थेचा खरा कॅमेरा. निशा मॅडम म्हणाल्या होत्या, “नामादादांना तू जंगलात चालशील असं वाटलं ना, तर ते पुढच्या ट्रिपलाही नेतात. त्यांनी असे दोन-तीन जण तयार केलेत.”

मला ते हवं होतं. इतकं हवं होतं की मी ते कुणाला सांगितलंसुद्धा नव्हतं.

जंगलात शिरण्याआधी नामादादांनी नियम सांगितले. कशालाही हात लावायचा नाही, फांदी वाकवायची नाही, एकामागे एक चालायचं, आणि बोलायचंच असलं तर कुजबुजत. मी मान डोलावली. पाचच मिनिटांत मला खाली मान घातलेलं एक शेकरू दिसलं, केवढी ती शेपूट! मी नसीबाताईंना कुजबुजत म्हटलं, “ताई, ते बघा, उजवीकडे.”

शेकरू गेलं. दोन्ही काका माझ्याकडे वळले. एकाने ओठांवर बोट ठेवलं.

“मी कुजबुजलेच ना,” मी म्हटलं.

“बाळ, ही कुजबुज?” काका म्हणाले. “ही तर घोषणा झाली.”

मला हसू आलं, कारण आमच्या घरात खरंच सगळे असेच बोलतात. आमचं घर सिराजशेठच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या शेडला चिकटून आहे, भिंत एकच. बाबा त्याच शेडमध्ये जॉबर आहेत, म्हणजे लूम बिघडला की दुरुस्त करणारे. आई तिथेच कांड्या भरते, म्हणजे धोट्यातल्या कांड्यांवर सूत गुंडाळते. मी पहिलीत असल्यापासून शाळा सुटली की शेडमध्ये आईजवळ बसूनच अभ्यास करायचे आणि हाताशी कांड्या भरायचे. चोवीस लूम चालू असताना तिथे कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही. कारागीर एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलतात, हातवारे करतात. मी पण. बाबा शेडच्या त्या टोकाला असले तरी ते आईला काय म्हणाले हे मला इथून कळतं. ही माझी कला आहे असं मला वाटायचं.

तर मी ठरवलं, आता बोलायचंच नाही. आणि गप्प राहिल्यावर मला जंगल मिळालं.

कसं सांगू! उंचच उंच झाडं, त्यांच्यावर वेली, वेलींवर शेवाळ, आणि ऊन खाली पोचेपर्यंत हिरवं झालेलं. आणि शांतता! आयुष्यात मी एवढी शांतता ऐकली नव्हती. आमच्याकडे लाईट गेली तरच लूम थांबतात, तेव्हाही कुणाचा ना कुणाचा जनरेटर चालूच असतो. इथे काहीच नाही. फक्त माझ्या कानातलं ते नेहमीचं बारीक ‘सूंऽऽ’. ते सगळ्यांच्याच कानात असतं, त्याचं काय. दुपारी सगळे डबे उघडून बसले तेव्हा मी थोडी बाजूला गेले आणि मैत्रिणींसाठी व्हॉइस नोट केली. “ऐका रे पोरींनो, ऐका! याला म्हणतात शांतता. टाचणी पडली तर ऐकू येईल. भिवंडीत जन्मात मिळणार नाही तुम्हाला!” मग अर्धा मिनिट काहीच न बोलता त्यांना नुसतं जंगल ऐकवलं.

नेटवर्क फक्त मुक्कामाच्या घराच्या मागच्या ओट्यावर यायचं. संध्याकाळी मी तिथून दोन्ही रेकॉर्डिंग पाठवली, जीपमधलं आणि जंगलातलं.

दुसऱ्या दिवशी पायवाट अरुंद होती. पुढे नामादादा, मग काका, मग हेडमास्तर असलेले एक आजोबा, मग नसीबाताई आणि त्यांचा भाऊ मुबश्शिर, शेवटी मी. नामादादा मधूनमधून काहीतरी सांगत होते. पुढचे माना डोलावत होते, हळूच हसत होते, अचानक थांबून वर बघत होते. मला समोर फक्त पाठी दिसत होत्या. मुबश्शिरभाईंची निळी सॅक, तिच्यावरचा तुटका बंद, एवढंच. नामादादा काय म्हणाले, कळायचं नाही. सगळे थांबले की मी थांबायचे, सगळे हसले की मी हसायचे. थोड्या वेळाने मला आठवीतल्या मागच्या बाकावर बसल्यासारखं वाटायला लागलं. ते मला अजिबात आवडलं नाही.

मग मला तो दिसला. एका खोडावर सालीचाच तुकडा असल्यासारखा चिकटलेला सरडा, बोटाएवढा. त्याने गळ्याखालचा पिवळा पडदा एकदाच बाहेर काढला आणि मिटला. उडणारा सरडा! पुढचे सहाही जण त्याच्यासमोरून गेले होते, कुणाला दिसला नव्हता. मला दिसला, कारण चोवीस लूममधला एक तुटलेला धागा शोधायची माझ्या डोळ्यांना सवय आहे. मी गुडघ्यावर बसले. श्वास आवरून वाट बघितली. पडदा पुन्हा बाहेर आला, मी बटण दाबलं. मग त्याने बाजूंचे पंख पसरले आणि खोडावरून सरळ हवेत झेप घेतली, कागदाच्या विमानासारखा दुसऱ्या झाडावर. तेही मिळालं! तीन फोटो. थोडे हलले होते, पण मिळाले.

“दादा!” म्हणून मी उठले तर पायवाटेवर कुणी नव्हतं.

पुढे गेले, वाटेला दोन फाटे. कुठल्या वाटेने गेले? पाऊलखुणा दिसत नव्हत्या. मी हाक मारणार होते, पण कालची ‘घोषणा’ आठवली आणि तोंड मिटलं. मी तिथेच उभी राहिले. मला कालची ती शांतता आता नको होती. कुठूनच काही येत नव्हतं. पान नाही, पाखरू नाही, माणूस नाही. मी कधीच इतकी एकटी नव्हते. आमच्या घरी भिंत थरथरत असते तेव्हा पलीकडे माणसं आहेत हे तरी कळतं. मी झाडाला हात लावून बघितला. ते थरथरत नव्हतं.

पंधरा मिनिटांनी नामादादा आले, तेही माझ्या मागून. खांद्यावर हात पडला तेव्हा मी किंचाळलेच.

“अगं काय तू! किती शिट्ट्या मारल्या!” त्यांच्या गळ्यात पत्र्याची एक छोटी शिट्टी होती. जंगलात ते हाक मारत नाहीत, तीच वाजवतात, पाखरासारखी बारीक. “तिथून मारली, त्या वळणावरून मारली, आत्ता या झाडामागून मारली. वळून बघितलं पण नाहीस.”

“मी फोटो काढत होते,” मी म्हटलं. “गुंग झाले होते. सॉरी.”

मी कॅमेरा दाखवला. त्यांनी फोटो बघितले, पुन्हा बघितले, आणि त्यांचा राग गेला. “हा आम्हाला कुणालाच दिसला नाय,” ते म्हणाले. मग माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. “शिट्टी ऐकू आलेली ना तुला?”

“आलेली,” मी म्हटलं.

संध्याकाळी ओट्यावर मोबाइल टुणटुण करायला लागला. जीपमधल्या प्रश्नावर सुकन्याने हसण्याची अख्खी रांग पाठवली होती: ‘मानलं तुला, बाई!’ खाली कौसरचं होतं: ‘पण ही दुसरी नोट कसली? मागे कसली मशीन चालू आहे? तुझं अर्धं बोलणं समजलंच नाही.’ त्यावर सुकन्या: ‘शांतता म्हणे! अम्मीने विचारलं असेल कौसरला, कोण लाकूड कापतंय म्हणून.’ त्यावर कौसर: ‘खरंच विचारलं!’

मला वाटलं चेष्टा करतायत. मी नोट लावली. माझं बोलणं, मग अर्धा मिनिट काहीच नाही. आवाज पूर्ण वाढवून कानाला लावली. काहीच नाही, फक्त ते सूं.

नसीबाताई बाजूला चहा घेऊन बसल्या होत्या. “ताई, यात मशीनचा आवाज येतो का?”

त्यांनी तोंड वाकडं करून मोबाइल लांब धरला. “मशीन कुठली, सिकाडा आहेत ते. किडे. मे महिन्यात उच्छाद मांडतात. काल सकाळपासून कान किटलेत माझे. मुलांच्या रडण्याला पळाले आणि यांच्या तावडीत सापडले!”

“आत्ता पण ओरडतायत?”

“म्हणजे काय! हे बघ ना.” त्यांनी समोरच्या काळपट झाडीकडे हात केला. मी झाडीकडे बघितलं. झाडं गप्प उभी होती.

“हो,” मी म्हटलं. “खूपच.”

मी मोरीत जाऊन दार लावलं. दोन्ही कानांवर हात दाबले. सूंऽऽ. हात काढले. सूंऽऽ. तेच, तेवढंच. जंगलातले लाखो किडे माझ्या कानात यायचे आणि त्या सूंमध्ये विरघळून जायचे. काल मी ज्याला शांतता शांतता म्हणून नाचत होते, ती तिथे नव्हतीच. बाकीच्यांच्या जंगलात नुसता कल्लोळ होता. ती शांतता माझ्या एकटीचीच होती.

आणि मग पहिला बाक आठवला. तिथून निशा मॅडमचे ओठ दिसतात.

तिसऱ्या दिवशी मी सगळ्यांना बघत चालले. कुणीतरी एकदम थांबायचं, मान एका बाजूला करायचं, मग दुसऱ्याकडे बघून भुवई उंचवायचं. सगळ्यांची तोंडं एकदम एका झाडाकडे वळायची, वारा आल्यावर गवत वळतं तशी. मी त्यांच्या मागून वळायचे. निखार नावाच्या केशरी पक्ष्यांचा एक थवा आला होता. हेडमास्तर आजोबा डोळे मिटून उभे राहिले. डोळे मिटून! मला दिसत होतं की पक्ष्यांच्या चोची उघडतायत, मिटतायत. मी डोळे मिटले असते तर पक्षी गेलेच असते. नसीबाताई व्हिडीओ करत होत्या, मी खचाखच फोटो काढत होते. फोटो चांगले आले. पण मला कुणाशी बोलावंसं वाटत नव्हतं, मला, जिला काल परवापर्यंत गप्प बसवावं लागत होतं! “थकलीस का गं?” मुबश्शिरभाईंनी विचारलं. मी म्हटलं, “हो, जरा.”

निघताना नामादादा जीपजवळ आले. “नजर आहे तुझी,” ते म्हणाले. “ऑगस्टला ये. बेडकांची ट्रिप. बेडूक सगळे आवाजावरून शोधायचे, पानाखाली बसलेले असतात, दिसत नायत. फॉर्म पाठवतो, आईबाबांची सही घेऊन दे.”

जे मला हवं होतं ते हेच. मी “येते की!” म्हटलं. घरी येईपर्यंत गाडीत मी खिडकीला डोकं टेकून झोपल्याचं सोंग केलं.

पोचले तेव्हा रविवार होता, सकाळची वेळ. रविवारी दिवसा शेड बंद असते. बाबा टीव्ही बघत होते. आवाज एवढा की दाराबाहेर चपला काढतानाच बातम्या कळल्या. आईने पोहे दिले आणि म्हणाली, “दाखव गो, काय काय बघितलंस?” मी कॅमेऱ्यातून मोबाइलवर घेतलेला उडणारा सरडा दाखवला. बाबांनी टीव्ही बंद केला, चष्मा लावला आणि फोटो मोठा करून बघितला. “यो उरतो? खरंच? आमच्या पोरीने काढला?” त्यांनी तो फोटो तिथल्या तिथे सिराजशेठना पाठवला, मग गावच्या चिंधूकाकांना, मग आणखी कुणाकुणाला.

तेवढ्यात नसीबाताईंचा व्हिडीओ आला. निखारांचा. मी तो मध्ये धरला. आम्ही तिघं डोकी एकत्र करून बघत होतो. केशरी पक्षी फांदीवर, चोच उघडतोय, मान वर करतोय, गळा थरथरतोय.

“आवाज वाढव,” बाबा म्हणाले.

मी वाढवला. पट्टी शेवटपर्यंत गेली.

“मुका हाय का पाखरू?”

“मुका कसा असंल?” आई म्हणाली. “यिडीओच बिनआवाजाचा असंल. आवाज हाय का गो याला?”

ओट्यावर खेळत असलेली शेजारची चार वर्षांची मुलगी धावत आत आली. “चिमणी! कुठे चिमणी?” म्हणून ती घरभर वर बघत फिरली.

आई तिच्याकडे बघत राहिली. मग मोबाइलकडे. मग माझ्याकडे.

मी सगळं सांगितलं. सिकाडा, शिट्टी, पायवाट, पाठी, सगळं. आईने त्या छोटीच्या हातात बिस्कीट देऊन तिला बाहेर पाठवलं आणि दार लोटलं. “हे कुनाला बोललीस?”

“नाही.”

“बोलू पन नको. चार वर्सांनी तुला बघायला येतील, तवा लोकं हेच धरून बसतील. माझ्या पन कानात सूं करतं, तुझ्या बाबाच्या पन करतं. शेडमधी सगल्यांच्याच करतं. कोन मेला का त्यानं?”

मी मोबाइलवर फॉर्म उघडला. कालच आला होता. नाव, वय, रक्तगट, आणि खाली: ‘दिसण्याचा, ऐकण्याचा किंवा चालण्याचा काही त्रास आहे का?’ समोर दोन चौकोन, हो आणि नाही.

आईने वाचलं. “नाही कर,” ती म्हणाली. “न्हायतर न्यायचे न्हाईत तुला. तू तर नुसती नजरेनं पन काम चालवतेस.”

ते खरं होतं. मी चालवलं असतं. ऑगस्टमध्येसुद्धा सगळ्यांच्या माना वळल्या की मी वळले असते, सगळे हसले की हसले असते. एक दिवस कुठल्यातरी फाट्यावर पुन्हा एकटी उभी राहिले असते आणि म्हटलं असतं, सॉरी, गुंग झाले होते.

“काय म्हनते ती?” बाबांनी आईला विचारलं. आई खाली मान घालून बोलत होती ना, त्यांना कळलंच नव्हतं.

मी बाबांच्या समोर जाऊन पाटावर बसले. आईचा हात ओढून तिलाही शेजारी बसवलं, दोघांनाही माझं तोंड दिसेल असं. आणि मोठ्याने, जराही कुजबुज न करता, म्हटलं:

“मी ‘हो’ लिहिणार आहे. नामादादांना फोन करून मी स्वतः सांगणार आहे की मला त्यांची शिट्टी ऐकू आली नव्हती, आणि मी खोटं बोलले होते. न्यायचं की नाही ते त्यांनी ठरवावं. मी शेडमध्ये कांड्या भरायला आता येणार नाही, आई, रागाव हवं तर. आणि उद्या सकाळी मी सरकारी दवाखान्यात कान तपासायला जाणार आहे. बाबा, तुम्ही ड्युटीवरून सुट्टी घ्या. आपण तिघंही जाणार आहोत.”